भिलाईचा रूळ आणि इंदूरचा आराखडा

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांनी एका पोलाद कारखान्याच्या करारावर सह्या केल्या. कारखाना उभा राहायचा होता दुर्ग जिल्ह्यातल्या भिलाईत. भिलाई तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूर होती आणि राज्याची भाषा हिंदीबरोबर मराठीही होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवरची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी होमी भाभा होते. भारताने तिथे मांडलेल्या निबंधांमध्ये राजा रामण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध होता. साधं पाणी आणि बेरिलियम ऑक्साइड यांत न्यूट्रॉन कसे मंदावतात आणि कसे पसरतात, हे त्यांनी स्पंदित न्यूट्रॉन स्रोत वापरून मोजलं होतं.

पहिलं काम चार वर्षांत फळाला आलं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि १९६० पासून तिथे रूळ बनू लागले. दुसरं काम, म्हणजे देशात स्वतःचा मोठा स्पंदित न्यूट्रॉन स्रोत असणं, अजून झालेलं नाही. एवढ्या वर्षांत त्या दिशेने जे घडलं ते मात्र थोडंथोडकं नाही, आणि ते मराठी वाचकापर्यंत फारसं पोचलेलंही नाही.

या दोन गोष्टींचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. तो भिलाईच्या रुळातच आहे. लालबुंद पोलाद लाटून रूळ तयार होतो, गार होताना तो वाकतो, आणि मग रोलरांच्या मधून दाबून सरळ केला जातो. सरळ दिसणाऱ्या त्या रुळाच्या पोटात ताण अडकून राहतो. डोक्याच्या भागात कुठे ओढ, कुठे दाब. गाडीची चाकं त्यावरून लाखो वेळा गेली की याच ताणामुळे बारीकशी चीर वाढत जाते. आज भिलाईत १३० मीटरचा अखंड रूळ लाटला जातो आणि असे दोन जोडून २६० मीटरचा पट्टा रेल्वेला दिला जातो. त्याच्या आत काय चाललंय हे कापल्याशिवाय कसं कळावं? कापलं की ताण मोकळा होतो, म्हणजे जे मोजायचं तेच निसटतं. प्रयोगशाळेतला क्ष-किरण पोलादाच्या वरच्या कातडीपलीकडे जात नाही. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे तो काही सेंटिमीटर आत शिरतो, लोखंडाच्या अणूंच्या थरांवरून विखुरतो आणि बाहेर येताना त्या थरांमधलं अंतर सांगतो. अंतर किंचित वाढलेलं असेल तर तिथे ओढ आहे, घटलेलं असेल तर दाब. इंग्लंडमधल्या आयसिस या स्पंदित न्यूट्रॉन स्रोतावर ‘एन्जिन-एक्स’ नावाचं उपकरण खास अशाच मोजमापांसाठी आहे. पोलाद बनवणाऱ्या देशाला असं यंत्र हवं, हे वेगळं पटवून द्यायची गरज नसावी.

पण मुळात स्पंदनं कशासाठी? १९५५ च्या त्या प्रयोगात याचं उत्तर दडलेलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेकडे तेव्हा कॅस्केड जनरेटर नावाचा छोटा त्वरक होता. उच्च विद्युतदाबाने भारित कणांना वेग देऊन लक्ष्यावर आदळवायचं की न्यूट्रॉन निघतात. कणांचा हा झोत क्षणभर चालू आणि मग बंद केला की न्यूट्रॉनांचा एक छोटा झटका मिळतो. तो पाण्यात किंवा बेरिलियम ऑक्साइडच्या ढिगात सोडायचा आणि पुढच्या क्षणांत न्यूट्रॉन किती वेगाने कमी होत जातात ते मोजायचं. त्या उतारावरून पदार्थाचे गुणधर्म निघतात. अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली ४ ऑगस्ट १९५६ रोजी. म्हणजे देशात अणुभट्टी येण्याआधीच मुंबईत त्वरकाच्या झटक्यातून न्यूट्रॉन काढून त्यावर जागतिक दर्जाचं काम झालं होतं. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात या गोष्टीला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं.

पुढची काही वर्षं मात्र अणुभट्ट्यांची होती. पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार कॅनडातल्या चॉक रिव्हरला गेले. तिथे बर्ट्रम ब्रॉकहाउस न्यूट्रॉनांच्या साह्याने घनपदार्थातल्या अणूंची कंपनं मोजत होते. याच कामासाठी ब्रॉकहाउस यांना पुढे १९९४ चं नोबेल मिळालं. अय्यंगार परतले आणि तुर्भ्याला अप्सरा, मग १० जुलै १९६० ला सुरू झालेली सायरस, यांच्याभोवती न्यूट्रॉन विखुरण्याचा अभ्यास करणारी एक शाळाच उभी राहिली. तिथली उपकरणं देशातच घडवलेली होती.

अणुभट्टीत अडचण अशी की न्यूट्रॉन अखंड वाहत असतात आणि त्यांत सगळ्या वेगांची सरमिसळ असते. प्रयोगाला हवा असतो एकाच वेगाचा झोत. तो स्फटिकाने निवडून घ्यायचा म्हणजे बाकीचे जवळजवळ सगळे न्यूट्रॉन फेकून द्यायचे. झटक्याने आलेल्या न्यूट्रॉनांच्या बाबतीत निवड घड्याळच करतं. खोलीच्या तापमानाचा न्यूट्रॉन सेकंदाला २२०० मीटर जातो. १० मीटरवर ठेवलेल्या शोधकापर्यंत त्याला सुमारे ४.५ मिलिसेकंद लागतात. निम्म्या वेगाच्या न्यूट्रॉनला ९. सगळे एकाच क्षणी निघाले असतील, तर कोण कधी पोचला यावरून त्याची ऊर्जा कळते, आणि फेकून कुणालाच द्यावं लागत नाही. शिवाय दोन झटक्यांच्या मध्ये यंत्राला थंड व्हायला उसंत मिळते. झटक्याच्या क्षणी न्यूट्रॉनांचा जो लोंढा मिळतो तो अखंड चालणाऱ्या भट्टीतून मिळवायचा म्हटला तर भट्टीचा गाभा ती उष्णता सोसू शकणार नाही.

हे काम अणुभट्टीनेच करायची एक अनोखी युक्ती सोव्हिएत शास्त्रज्ञांनी काढली. मॉस्कोच्या उत्तरेला दुबना इथे दिमित्री ब्लोखिन्त्सेव यांच्या कल्पनेतून १९६० मध्ये आयबीआर ही स्पंदित अणुभट्टी चालू झाली. तिच्या गाभ्याजवळून युरेनियमचा तुकडा बसवलेली चकती गरागरा फिरे. तुकडा गाभ्यासमोर आला की क्षणभर साखळी प्रक्रिया भडके, पुढे सरकला की विझे. सरासरी शक्ती फक्त किलोवॉटच्या घरात, पण झटक्याची उंची प्रचंड. भिलाई ज्या मैत्रीतून उभी राहिली त्याच मैत्रीच्या काळात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, अय्यंगारांनी ही भट्टी पाहिली आणि आपल्याकडेही असं काही करायचं त्यांच्या मनाने घेतलं.

तुर्भ्याची पूर्णिमा यातूनच जन्मली. १८ मे १९७२ रोजी ती क्रांतिक झाली. प्लुटोनियमच्या इंधनावर चालणाऱ्या या छोट्या प्रायोगिक भट्टीची शक्ती होती जेमतेम एक वॉट. पुढे कल्पाक्कमला खरी स्पंदित द्रुत अणुभट्टी उभारायची आणि पूर्णिमेवर तिची गणितं पडताळून घ्यायची, असा विचार होता. झालं वेगळंच. द्रुत न्यूट्रॉनांच्या साखळी प्रक्रियेबद्दल पूर्णिमेने जे शिकवलं ते बरोबर दोन वर्षांनी, १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीत कामी आलं. चाचणीनंतर परदेशी मदतीचे दरवाजे एकामागून एक बंद झाले. पूर्णिमेचे पुढचे अवतार १९८४ आणि १९९० मध्ये आले ते थोरियमपासून मिळणाऱ्या युरेनियम-२३३ च्या अभ्यासासाठी. कल्पाक्कमची स्पंदित भट्टी मात्र झाली नाही. राष्ट्राच्या गरजांचा क्रम त्या वेळी कुणी वेगळा लावला असता असं नाही. पण १९५५ पासून चालत आलेला एक धागा तिथे तुटला, हेही खरं.

जग तोवर दुसऱ्या वाटेला लागलं होतं. ती वाट पुन्हा त्वरकाकडे जाणारी होती, आता राक्षसी आकाराच्या त्वरकाकडे. शंभर कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एक जीईव्ही ऊर्जेचा प्रोटॉन शिसं, टंगस्टन किंवा पारा यांसारख्या जड अणुकेंद्रावर आदळला की कॅरमच्या पहिल्या फटक्यात सोंगट्या उधळतात तसं होतं. आधी थेट बसलेल्या टोल्याने काही कण उडतात, मग तापलेल्या केंद्रकातून उरलेले न्यूट्रॉन उकळून बाहेर पडतात. एका प्रोटॉनमागे २० ते ३० न्यूट्रॉन. याला स्पॅलेशन म्हणतात. विखंडनात कामाचा एक न्यूट्रॉन मिळवायला सुमारे २०० एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट) उष्णता सोसावी लागते, तर स्पॅलेशनमध्ये साधारण ३०. आणि प्रोटॉनांचा झोत हवा तेव्हा चालू, हवा तेव्हा बंद. फिरती चकती नको आणि साखळी प्रक्रिया सुटण्याची धास्तीही नको.

१९८० मध्ये जपानच्या त्सुकुबात केन्स, १९८१ मध्ये अमेरिकेत आर्गॉनला आयपीएनएस सुरू झालं. पण ज्या यंत्राने ही विद्या प्रौढ केली ते आयसिस. त्याची कहाणी भारतासाठी विशेष बोधक आहे, कारण ती काटकसरीची आहे. ऑक्सफर्डजवळच्या रदरफर्ड प्रयोगशाळेत निमरॉड नावाचा ७ जीईव्हीचा जुना प्रोटॉन सिंक्रोट्रॉन १९७८ मध्ये बंद झाला. नवं यंत्र त्याच्याच दालनात बसवलं गेलं. निमरॉडसाठी बांधलेला ७० एमईव्हीचा रेषीय त्वरक नव्याला कामी आला. चुंबकांना वीज पुरवणारी मोठी वेटोळी आणली गेली डेअर्सबरीच्या बंद पडलेल्या नीना सिंक्रोट्रॉनमधून. १६ डिसेंबर १९८४ रोजी पहिले न्यूट्रॉन निघाले.

आयसिसचं चक्र १६३ मीटर परिघाचं आहे. रेषीय त्वरकातून आलेले कण त्यात जमा होतात, ८०० एमईव्हीपर्यंत वेग घेतात आणि एका झटक्यात लक्ष्यावर फेकले जातात, सेकंदाला ५० वेळा. मूळ आराखड्यानुसार प्रत्येक झटक्यात पंचवीस लाख कोटी, म्हणजे २.५ × १०^१३ प्रोटॉन. शक्ती १६० किलोवॉट. आकडे लिहायला सोपे आहेत. ते घडवून आणताना काय काय आडवं येतं, ते पाहायला हवं.

पहिली अडचण, प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. झटक्यात जितके जास्त कण कोंबावेत तितकं हे ढकलणं वाढतं आणि झोत फुगून नळीच्या भिंतीला लागतो. दिलासा एवढाच की वेग वाढला की ढकलणं झपाट्याने घटतं, कारण एकाच दिशेने धावणारे भार म्हणजे समांतर विद्युतप्रवाह, आणि ते चुंबकीय बलाने एकमेकांना ओढतात. म्हणून चक्रात शिरतानाची ऊर्जा जितकी जास्त तितके कण जास्त मावतात. पुढे इंदूरच्या आराखड्यात जो मोठा बदल झाला, त्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

दुसरी अडचण आणखी खोल आहे. चक्रात आधीच फिरत असलेल्या प्रोटॉनांच्या जागी नवे प्रोटॉन घालता येत नाहीत. जी चुंबकं नव्यांना आत वळवतील तीच जुन्यांना बाहेर काढतील. यावरचा तोडगा सायबेरियात सापडला. १९६० च्या दशकात नोवोसिबिर्स्कला गेर्श बुडकर आणि गेन्नादी दिमोव यांच्या गटाने प्रोटॉनांऐवजी ऋणभारित हायड्रोजन आयन आणले, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन बाळगणारा हायड्रोजन. चुंबकीय क्षेत्रात तो प्रोटॉनच्या उलट वळतो, त्यामुळे दोन्ही झोत एकाच मार्गावर आणता येतात. तिथे पातळशा पापुद्र्यातून जाताना आयनचे दोन्ही इलेक्ट्रॉन खरवडले जातात आणि उरतो तो प्रोटॉन, नेमका जुन्या प्रोटॉनांच्या रांगेत. फेरीमागून फेरी हे करत राहायचं. आयसिसमध्ये हा पापुद्रा अ‍ॅल्युमिनाचा होता. अशा आयनांचा भरघोस स्रोत, सिझियमची जोड देऊन, नोवोसिबिर्स्कलाच वादिम दुद्निकोव यांनी १९७१ च्या सुमारास घडवला. स्रोतातून निघालेल्या मंद झोताला सुरुवातीचा वेग देणारा आरएफक्यू हा भागही सोव्हिएत कल्पनेचा, १९७० मधला, काप्चिन्स्की आणि तेप्ल्याकोव यांचा. भिलाईत रशियन तंत्रज्ञ झोतभट्ट्या उभारत होते त्याच काळात त्यांचे देशबांधव ही विद्या घडवत होते. जगातले बहुतेक आधुनिक प्रोटॉन त्वरक आज त्यांच्या खांद्यावर उभे आहेत.

तिसरी अडचण चुंबकांची. सेकंदाला ५० वेळा क्षेत्र वर-खाली करायचं तर धातूच्या नळीत भोवरी प्रवाह उठतात, नळी तापते आणि क्षेत्र बिघडतं. म्हणून आयसिसच्या चुंबकांमधली निर्वात नळी चिनीमातीसारख्या सिरॅमिकची आहे आणि झोताला विद्युतदृष्ट्या सुरळीत वाट मिळावी म्हणून तिच्या आत तारांचा पिंजरा आहे.

आणि सगळ्यांच्या वर एक नियम: झोत वाया जाता कामा नये. चुकार प्रोटॉन नळीच्या भिंतीवर आदळला की ती जागा किरणोत्सारी होते. झोत बंद केल्यावर माणसांना जवळ जाऊन दुरुस्ती करता यावी, यासाठी जगभर एक मर्यादा पाळली जाते, मीटरमागे एक वॉट. एक मेगावॉटच्या यंत्रात याचा अर्थ दर मीटरला दहा लाखांतला एक भाग. साध्या त्वरकात कण हव्या त्या ऊर्जेला पोचले की काम झालं. इथे दहा लाखांत एक कणसुद्धा कुठे भरकटतो याचा हिशेब आधी कागदावर लावावा लागतो. हे यंत्र आखणाऱ्यांचं अर्धं आयुष्य त्या भरकटणाऱ्या कणांमागे जातं.

आता इंदूर. १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांनी तिथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी केली. लेसर आणि त्वरक ही दोन शास्त्रं तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून बाहेर काढून त्यांना स्वतंत्र घर द्यायचं, हा हेतू. केंद्र घडवलं ते दिलीप देवीदास भवाळकर यांनी. सागरला जन्मलेला आणि शिकलेला, साउदॅम्प्टनहून डॉक्टरेट घेऊन आलेला हा मराठी भौतिकशास्त्रज्ञ २००३ पर्यंत केंद्राचा संचालक होता. होळकरांच्या इंदुरात, सुखनिवासच्या तळ्याकाठी, निर्वात नळ्या, चुंबकं, विद्युतपुरवठे हे सगळं इथेच घडवण्याची कार्यशाळा त्यांच्या काळात उभी राहिली. १९९९ मध्ये इंडस-१ या सिंक्रोट्रॉनने काम सुरू केलं. पाठोपाठ १७२.५ मीटर परिघाचा, अडीच जीईव्हीचा इंडस-२ आला. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राला राजा रामण्णांचं नाव मिळालं, म्हणजे ज्यांनी १९५५ मध्ये स्पंदित न्यूट्रॉन मोजले त्यांचंच. भारताच्या स्पॅलेशन न्यूट्रॉन स्रोताचा आराखडा त्यांच्या नावाच्या केंद्रात आखला जावा, यात एक न्याय आहे.

पहिला आराखडा आयसिसच्या वळणाचा होता: १०० एमईव्हीचा रेषीय त्वरक, त्यापुढे सेकंदाला २५ झटक्यांचा १ जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन, आणि शक्ती १०० किलोवॉट. इंडसच्या अनुभवातून आलेल्या माणसांना सिंक्रोट्रॉन परका नव्हता. त्यामुळे हा आराखडा आवाक्यातला होता. नंतर तो बदलला. अमेरिकेत ओक रिजला २००६ मध्ये दुसऱ्या घडणीचं यंत्र सुरू झालं होतं. तिथे रेषीय त्वरकच थेट १ जीईव्हीपर्यंत नेतो, त्यातही वरचा मोठा भाग अतिवाहक नायोबियमच्या कॅव्हिटींचा, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या पोकळ डब्यांचा. चक्राचं काम वेग देण्याचं नाहीच. मिलिसेकंदभर लांबलेला झोत हजाराहून अधिक फेऱ्यांत एकावर एक गुंडाळायचा आणि मायक्रोसेकंदाहून आखूड झटक्यात सोडायचा, एवढंच. आत शिरतानाच ऊर्जा पूर्ण असल्यामुळे कणांचं एकमेकांना ढकलणं सौम्य झालेलं असतं आणि मेगावॉटची शक्ती गाठता येते. चुंबकं स्थिर क्षेत्राची, त्यामुळे सिरॅमिक नळीची दगदग नाही. इंदूरने हाच मार्ग धरला: १ जीईव्हीचा अतिवाहक रेषीय त्वरक, पुढे संचयचक्र, शक्ती एक मेगावॉट.

या निवडीची किंमतही समजून घ्यायला हवी. ऋण हायड्रोजनचा दुसरा इलेक्ट्रॉन अवघ्या पाऊण इलेक्ट्रॉन व्होल्टने बांधलेला असतो. १ जीईव्हीच्या आयनला जोरदार चुंबकाने वळवायला गेलं तर क्षेत्रच तो इलेक्ट्रॉन ओढून काढतं आणि कण भरकटतो. म्हणून वळणं लांबरुंद आणि मंद ठेवावी लागतात, जागा जास्त लागते. ओक रिजला आणखी एक गोष्ट उमगली. अतिवाहक भागात हिशेबात नसलेली गळती दिसत होती. झोत आवळण्याचा जोर कमी करून त्याला थोडं मोकळं ठेवलं की ती घटते, हे अनुभवाने कळलं. कारण २०१० च्या सुमारास वालेरी लेबेदेव यांनी सांगितलं: झोत फार आवळला की आयन आपापसातच घासले जातात आणि इलेक्ट्रॉन गमावतात. तिथे प्रयोगादाखल प्रोटॉन सोडून पाहिले, तर गळती खरोखरच फार कमी निघाली. आधी बांधणाऱ्याने चुकत शिकायचं आणि मागून येणाऱ्याने ते धडे फुकट घ्यायचे, हा उशिराचा एकमेव फायदा. तोही मागून येणारा खरोखर आला तरच.

नायोबियमच्या कॅव्हिटी हे स्वतंत्र शास्त्र आहे. पत्रे दाबून अर्धे पेले करायचे, निर्वातात इलेक्ट्रॉन झोताने जोडायचे, आतला पृष्ठभाग आम्लाने धुऊन आरशासारखा करायचा आणि द्रव हेलियमच्या तापमानाला नेऊन तपासायचं. धुळीचा एक कण राहिला तरी कॅव्हिटी लवकर हार मानते. २००९ मध्ये तुर्भे, इंदूर, कोलकाता आणि दिल्लीच्या संस्थांनी शिकागोजवळच्या फर्मीलॅबशी सहकार्याचा करार केला. एप्रिल २०१८ मध्ये दोन्ही सरकारांनी तो आणखी पुढे नेला. फर्मीलॅबचा नवा पीआयपी-२ हा ८०० एमईव्हीचा अतिवाहक त्वरकही ऋण हायड्रोजनचाच. म्हणजे इंदूरला जे यंत्र हवं आहे त्याचं जवळचं भावंड. त्यासाठी चुंबकं, रेडिओ लहरींचे सॉलिड स्टेट प्रवर्धक आणि कॅव्हिटी यांचा वाटा भारताने उचलला. इंदूरने तर नायोबियमची कॅव्हिटी लेसरने जोडून दाखवली. भवाळकरांच्या केंद्रात लेसर आणि त्वरक एका छपराखाली नांदत होते, त्याचं हे फळ.

तुर्भ्याला समांतर दुसरं काम चाललं होतं. थोरियमच्या वापरासाठी त्वरकाच्या न्यूट्रॉनांवर चालणारी अणुभट्टी हवी, असा आग्रह २००० ते २००९ या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेल्या अनिल काकोडकर यांनी सातत्याने धरला. बडवानीत जन्मलेले, मुंबईत रुपारेल आणि व्हीजेटीआयमध्ये शिकलेले काकोडकर मूळचे यंत्र अभियंता. अशा अणुभट्टीच्या त्वरकाला झटके नव्हे, अखंड झोत लागतो, पण पहिल्या पायऱ्या सारख्याच असतात. त्यासाठी बांधलेला लेहिपा हा त्वरक २०२३ मध्ये २० एमईव्हीला पोचला. आकडा लहान वाटेल. पण प्रोटॉनांच्या उच्च शक्तीच्या त्वरकात पहिले २० एमईव्हीच सर्वांत नाठाळ असतात. ढकलाढकली तिथेच सर्वांत तीव्र असते आणि तिथे बिघडलेला झोत पुढे कुणालाच सुधारता येत नाही.

मधल्या काळात जपानमध्ये तोकाईला २००८ मध्ये ३ जीईव्हीच्या सिंक्रोट्रॉनमधून न्यूट्रॉन निघाले. स्वीडनमध्ये लुंडला ५ मेगावॉटचा आराखडा असलेला स्रोत उभा राहू लागला. मला सर्वांत जास्त विचारात पाडतं ते चीनचं डोंगुआन. ८० एमईव्हीचा रेषीय त्वरक, १.६ जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन, सेकंदाला २५ झटके, शक्ती १०० किलोवॉट. हे आकडे इंदूरच्या पहिल्या आराखड्याशेजारी ठेवून पाहा. बांधकाम २०११ मध्ये सुरू झालं, ऑगस्ट २०१७ मध्ये न्यूट्रॉन निघाले आणि २०१८ पासून संशोधकांना दारं खुली झाली. आता ते तिथून शक्ती वाढवण्याच्या कामाला लागले आहेत. आपण अधिक चांगला आराखडा निवडला, याबद्दल मला शंका नाही. पण १०० किलोवॉटचं बांधलेलं यंत्र दरवर्षी माणसं तयार करतं, विद्यार्थ्यांना प्रबंध देतं, पोलादाच्या तुकड्यांमधला ताण मोजतं. एक मेगावॉटचा आराखडा यांतलं काहीच करत नाही.

सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. ध्रुवा ही १०० मेगावॉटची, ऑगस्ट १९८५ पासून चाललेली अणुभट्टी देशातल्या न्यूट्रॉन संशोधनाचा मुख्य आधार आहे, आणि तीही चाळिशीला आली. स्पंदित न्यूट्रॉन हवे असतील तर आपले संशोधक परदेशी स्रोतांवर अर्ज करतात, काही दिवसांची पाळी मिळते, नमुने घेऊन जातात आणि परततात. पाळी चुकली की पुन्हा वाट पाहायची.

स्रोत, आरएफक्यू, प्रवर्धक, नायोबियमच्या कॅव्हिटी, संचयचक्राची चुंबकं, यांतली एकही गोष्ट आता भारतीय अभियंत्याला अनोळखी नाही. जे पूर्वी बाहेरून मागावं लागे ते आता आपण फर्मीलॅबला पुरवतो. उरला आहे तो मंजुरीचा, पैशाचा आणि तारखेचा निर्णय. भिलाईसाठी सही ते झोतभट्टी हे अंतर चार वर्षांचं होतं, कारण करारात तारखा होत्या आणि कुणीतरी त्यांना बांधील होतं. अणुऊर्जा विभागाने आणि विज्ञानाचं धोरण ठरवणाऱ्यांनी इंदूरच्या स्रोतालाही अशी तारीख द्यावी. एकदम एक मेगावॉट झेपत नसेल तर कमी शक्तीने सुरुवात करावी आणि पुढे वाढवत न्यावं. आयसिस आणि डोंगुआन दोन्हींनी तेच केलं.